धोंडीराममास्तरांचा चातुर्मास

तुळशीचं लग्न लागलं की नांदेडात आमच्या गल्लीतल्या खिडक्यांच्या काचा थरथरायला लागतात. चार महिने गप पडलेले बँडवाले एकदम जागे होतात. परवा माझा पेटीचा क्लास चालू होता. आठ पोरी भूप घोटत बसल्या होत्या आणि खालून वरात आली. ट्रकवर भोंगे, भोंग्यांच्या मधे सिंथेसायझर घेऊन बसलेला एक पोरगा, पुढं ट्रम्पेट आणि ढोल घेतलेले दहाबारा जण. मी वैतागून खिडकी लावायला उठले आणि तिथंच उभी राहिले. त्या पोराचा डावा हात खालच्या सुरावर आपटत होता, तिथून वर उडी मारत होता, परत खाली, परत वर. उजवा हात आपला निवांत गाणं वाजवून राहिला होता. मग त्यानं डावा हात डोक्याच्या वर नेला आणि अख्खा बँड एका क्षणात बंद. नवरदेवाच्या दोस्तांनी शिट्ट्या मारल्या. पाचसहा पावलं नुसती चपलांची घसघस ऐकू आली आणि मग सगळे जण धाडकन एकदम सुरू झाले. माझ्या पोरी हसायला लागल्या. एक जण म्हणाली, मॅडम, काय भारी थांबतात हो हे लोक.

मी क्लास तसाच सोडून खाली गेले. पन्नाशी उलटलेली बाई वरातीत घुसते म्हटल्यावर लोकांनी वाट दिली. ट्रकजवळ जाऊन त्या पोराला ओरडून विचारलं, हा डावा हात कुणी शिकवला रे तुला? त्याला आधी ऐकूच आलं नाही. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाला, "कुणी न्हाई मॅडम, आपल्याकडं असंच चालत आलंय." मला इतका संताप आला की त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. असंच चालत आलंय म्हणे. पण त्या पोराला बोलण्याचा मला काय अधिकार? तो बिचारा ठाऊक नाही म्हणून नाव घेत नव्हता. मला ठाऊक असून मी वेळेला घेतलं नव्हतं. वर आले, पोरींना घरी पाठवलं आणि पेटीवर कापड टाकलं.

मी चौदा वर्षांची होते. भूकंपाच्या आधीचं लातूर. नाना, म्हणजे माझे वडील, कोर्टात कारकून होते. आम्ही भाड्याच्या घरात राहायचो, पुढं पत्र्याचा लांब व्हरांडा होता. त्या वर्षी आषाढी झाली आणि आठवड्याभरात एका सकाळी दोन माणसं एक हातगाडा ढकलत आमच्या फाटकात आली. गाड्यावर ताडपत्रीत गुंडाळलेलं काहीतरी कपाटाएवढं होतं, आणि गाड्यामागं काळी टोपी, पांढरा सदरा, सोन्याचा एक दात, असे धोंडीराममास्तर. धोंडीराम ब्रास बँडचे मालक. त्यांची शेड गळायची आणि त्यांच्या पायपेटीला पाणी लागून भाता कुजायला लागला होता. नानांना मी पेटी शिकावी असं फार होतं, आणि शहरातल्या गुरुजींकडं शिकवणीला जागा नव्हती. म्हणून ठरलं असं, की पावसाळाभर पायपेटीनं आमच्या व्हरांड्यात राहायचं आणि मास्तरांनी मला शिकवायचं. आषाढीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नाहीत, लग्नं नाहीत. गणपतीचे दहा दिवस सोडले तर बँडवाल्यांना दुसरं काम नसतं. कुणी मोलमजुरीला जातं, कुणी सासुरवाडीला जाऊन पडतं. मास्तर आमच्याकडं यायचे.

पायपेटी म्हणजे पायानं भाता मारायची पेटी. पाय खाली चालतात, दोन्ही हात मोकळे. मोडून गेलेल्या एका नाटक कंपनीकडून मास्तरांनी ती घेतली होती. त्या कंपनीत ऑर्गन वाजवणारे गफूरमियाँ म्हणून होते, त्यांच्या पायाशी बसून मास्तर शिकले. पण नाटकातली पेटी रस्त्यावर आणायची कशी? वरात तर चालत असते. मग मास्तरांनी हातगाड्यावर पायपेटी बांधली, तिच्यामागं स्टूल बांधलं, आणि दोघांनी ढकलायचं, यांनी बसून वाजवायचं. लातूरच्या वरातीत दोघंच जण बसून जायचे, घोड्यावर नवरदेव आणि गाड्यावर धोंडीराममास्तर. लोक त्यांना आधी हसले आणि मग त्यांच्या तारखा मिळेनात.

त्यांचा डावा हात मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, चुकतायत. आपल्याकडं पेटी म्हणजे डाव्या हातानं भाता आणि उजव्यानं सूर. इथं डावा हात खाली ठोका द्यायचा आणि लगेच वर उडून दोनतीन पट्ट्या एकदम दाबून परत खाली यायचा. ढोल आणि झांजा दोन्हींचं काम तो एकटा करायचा. आणि उजवा हात त्याच्याकडं ढुंकून न बघता आपल्या मर्जीनं गाण्यात मागंपुढं व्हायचा, कधी मुद्दाम उशिरा यायचा, कधी आधीच पोचून वाट बघायचा. लोक म्हणायचे उडता हात. उदगीरचे, निलंग्याचे, औशाचे बँडवाले लग्नाला पाहुणे म्हणून यायचे आणि गाड्याच्या डाव्या अंगाला चालायचे. मास्तर वस्ताद होते. असा कुणी दिसला की खांद्यावरचं उपरणं काढून डाव्या हातावर टाकायचे आणि कापडाखालून वाजवायचे.

बढाया मारायला त्यांना कुणाची भीती नव्हती. "ह्या मुलखात पायपेटी रस्त्यावर कुणी आणली? म्या आणली. उडता हात कुणी काढला? म्या. बाकी सगळ्यांनी माझं बघून केलंय, खुशाल इचार कुणालाबी." नाना आत पेपर वाचत असायचे, ते हळूच हसायचे. मीही हसायचे. बारक्या गावातला बाजावाला, म्हणतोय सगळं मीच काढलं. आज वाटतं, एवढं खरं बोलणारा दुसरा माणूस माझ्या आयुष्यात आला नाही, आणि त्याला आम्ही घरभर मिळून फुशारकी म्हणत होतो.

मास्तरांची जात आमच्या घरात कुणी कधी उच्चारली नाही. गरजच नव्हती, कपबशी होती ना. व्हरांड्याच्या कोनाड्यात निळ्या काठाची एक कपबशी पालथी घातलेली असायची. आई चहा वरून ओतायची, मास्तर पिऊन झाल्यावर स्वतः विसळून परत पालथी घालायचे. आई काही वाईट बाई नव्हती. त्यांना ती चहाबरोबर आठवणीनं खारी द्यायची, पाऊस असला की थांबायला सांगायची. पण खारी कागदावर द्यायची. मी हे सगळं रोज बघत होते आणि मला त्यात काही खटकत नव्हतं, हे आता सांगताना माझंच तोंड कडू होतं.

ह्या सगळ्यात मास्तरांचं एक होतं, जे मी जगात दुसरीकडं कुठं पाहिलं नाही. बँडवाल्यांचा जुना रिवाज आहे. मशिदीसमोर, दर्ग्यासमोर, दवाखान्यासमोर, ज्या घरात सुतक आहे त्या घरासमोर वाजवायचं नाही. आणि समोरून कुणाची अंत्ययात्रा आली तर जागच्या जागी थांबायचं, टोपी काढायची, ती नजरेआड होईपर्यंत शब्दही बोलायचा नाही. बाकीचे बँड काय करायचे? वाजवणं सोडून द्यायचे आणि पुढं गेल्यावर गाणं परत पहिल्यापासून. मास्तरांना ते पटायचं नाही. त्यांनी सोळा माणसांना शिकवलं होतं, की हात वर गेला की आवाज बंद, पण मोजणं बंद नाही. मनात गाणं तसंच पुढं चालू ठेवायचं. आणि हात खाली आला की गाणं त्या वेळेला जिथं पोचलं असतं, तिथून उचलायचं. सोळाच्या सोळा जणांनी. "गाणं थांबत न्हाई माय," ते मला म्हणायचे, "आपण निस्तं गप बसतो. मयताचा मान ऱ्हातो आन गाण्याचाबी." लोकांना ते इतकं आवडायला लागलं की जिथं ना मशीद ना दवाखाना तिथंही ओरडायचे, मास्तर, थांबा! थांबा वाजवा! आज ट्रकवरचे भोंगे थांबतात ते शिट्ट्यांसाठी.

आदल्या लगीनसराईत लातूरजवळच्या मुरूडला एक गोष्ट घडली होती. मला ती त्यांच्या बँडमधल्या क्लॅरिनेटवाल्यानं सांगितली. मास्तर स्वतः कधी बोलले नाहीत. वरात निघाली, मास्तर गाड्यावर. नवरदेवाचा चुलता पुढं आला आणि म्हणाला, आमचे पाहुणे उन्हात चालत्यात आन बाजावाला बसून? उतर खाली. मास्तरांनी समजावून सांगितलं, पाय थांबले तर पेटी वाजत नाही. चुलता ऐकेना. मास्तर उतरले. अख्ख्या गावातून ते आपल्या मुक्या पेटीच्या बाजूनं टोपी घालून चालत गेले, आणि पेटी गाड्यावर बसून गेली.

त्यानंतर त्यांच्या डोक्यात खुर्ची शिरली. मुलींच्या शाळेत पेटीच्या शिक्षकाची जागा होती. मास्तर जाऊन भेटून आले. हेडबाई म्हणाल्या, वाजवता छान, पण मला वर दाखवायला कागद लागतो, संगीताच्या परीक्षेचा एक कागद आणा, संक्रांतीपर्यंत जागा धरून ठेवते. मास्तर तेव्हा पन्नाशीला आलेले. त्यांनी मी बसणार होते त्याच परीक्षेचा अर्ज आणला. एक चौदा वर्षांची पोरगी आणि एक पन्नाशीचा बाप्या, एकाच परीक्षेला. नानांनी दोन्ही अर्ज आपल्या कोर्टाच्या अक्षरात भरले. गुरूचे नाव असा एक रकाना होता. मास्तरांनी मोठ्यानं सांगितलं, "ल्ह्या. गफूरमियाँ, ऑर्गनवाले." नाना म्हणाले, ते वारले ना? मास्तर म्हणाले, "वारले म्हणून रकाना रिकामा ठिवत्यात व्हय?" माझ्या अर्जावर त्या रकान्यापाशी नानांचं पेन थांबलं. मास्तर समोरच बसले होते. नाना म्हणाले, हे तिथं केंद्रावर भरू, आणि अर्जाची घडी घातली. मास्तरांनी माझ्याकडं बघून मान डोलावली. त्यांना वाटलं, तसाच नियम असेल.

अडचण होती ती शास्त्राची. थाट म्हणजे काय, वादी-संवादी म्हणजे काय, हे लिहून आणि सांगून दाखवायचं. मास्तरांना अक्षरं येत होती, पण एकेका अक्षरावर बोट ठेवून. मग सकाळी ते मला शिकवायचे आणि त्याच बैठकीत अर्धा तास मी त्यांना. पावसाचा पत्र्यावर असा मारा चालायचा की मला ओरडून वाचावं लागायचं. मी पुस्तकातली एक ओळ म्हणायची, त्यांनी ती परत म्हणायची. मी चुका काढताना मास्तरणीसारखी बोलायचे आणि त्यांना त्याची मौज वाटायची. "लई कडक बाई हाय," म्हणायचे. "वादी म्हणजे काय? वादी म्हणजे रागाचा मालक. आमच्या बँडात मी, तसा." मी म्हणायचे, असं लिहिलं तर भोपळा मिळेल. मग ते गुमान पुस्तकातली व्याख्या घोकायचे. दसऱ्यापर्यंत ते एक पान न अडखळता वाचायला लागले. त्या दिवशी त्यांनी दुकानांच्या पाट्या वाचत अख्खा बाजार पालथा घातला, असं दुसऱ्या दिवशी सांगत होते.

सुखाचे दिवस होते ते. हा लेख मी रागानं लिहायला घेतला आहे, पण ते दिवस सुखाचे नव्हते असं मला म्हणता येणार नाही. मास्तर पायपेटीवर बसायचे, मी शेजारी उभी. उभ्यानं माझा पाय भात्यापर्यंत पोचायचा नाही म्हणून भाता ते मारायचे आणि डावा हात मी वाजवायचे. कापड टाकून ज्या हाताला त्यांनी उदगीरच्या माणसांपासून जपलं, तो हात त्यांनी मला उघडा करून शिकवला. आज नांदेडात सुगम संगीताच्या कार्यक्रमात मी साथीला बसले की लोक म्हणतात, मॅडमचा डावा हात ऐका. टाळ्या मिळतात. शाली मिळतात. मी त्या घेते.

परीक्षेचं केंद्र नांदेडला होतं. दिवाळी झालेली, तुळशीचं लग्न चार दिवसांवर. मी, नाना आणि मास्तर एकाच एसटीनं निघालो. मास्तरांनी नवीन टोपी घेतली होती. वाटेत ते व्याख्या पुटपुटत होते आणि मधेच थांबून मला विचारत होते, बरोबर हाय का? पायपेटी आता परत शेडमध्ये गेली होती, बँडची माणसं गोळा झाली होती, लग्नाच्या तारखा लागल्या होत्या. पण ते म्हणाले, ही एक सराई काढायची, मग संक्रांतीनंतर बँड क्लॅरिनेटवाल्याच्या हवाली करणार. आपण शाळेत. खुर्चीवर. असं म्हणून ते बाकावर जरा ताठ बसले आणि स्वतःच हसले.

केंद्र एका शाळेत होतं. खोलीला रस्त्याकडं दोन मोठ्या खिडक्या. पुण्याकडून आलेले परीक्षक सतरंजीवर तक्क्याला टेकून बसले होते. समोर साधी हातपेटी आणि कोपऱ्यात एक तबलजी. मास्तरांचा नंबर माझ्या आधी होता, म्हणून मला आत भिंतीशी बसवलं होतं. नाना बाहेर झाडाखाली. हातपेटी म्हटल्यावर उडता हात गेलाच, भात्याला. पण उजव्या हातानंही मास्तर मास्तरच होते. यमन घेतला त्यांनी, तीनतालात. नीट, पुस्तकातल्यासारखा, कुठं खोडी न करता. परीक्षकांनी दोनदा मान हलवली. मी मनात म्हटलं, झालं, पास.

आणि रस्त्यावरून टाळ ऐकू आले. भजन म्हणत एक अंत्ययात्रा चालली होती. खिडकीतून तिरडी दिसली, फुलं दिसली, पांढऱ्या टोप्या दिसल्या. मास्तरांचा हात पेटीवरून उठला. भाता बंद. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि मान खाली घातली.

परीक्षक म्हणाले, काय झालं? मास्तर बोलले नाहीत. परीक्षकांनी परत विचारलं, पुढचं आठवत नाही का? मास्तर तसेच. अशा वेळी बोलायचं नसतं. रस्त्यावर त्यांनी आयुष्यात हजार वेळा हे केलं होतं. समोर परीक्षक आहे, ही खोली आहे, रस्ता नाही, हे त्यांच्या मनातही आलं नसणार. तबलजी खिडकीबाहेर बघत होता, त्याचा हात सवयीनं हळू आवाजात ठेका धरून होता. परीक्षकांनी पेन उचललं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मी मोजत होते. मला दुसरं काही सुचतच नव्हतं. सात आवर्तनं गेली. टाळ लांब गेले, मास्तरांनी टोपी घातली, आणि आठव्या आवर्तनाच्या समेवर त्यांचं बोट असं पडलं की तबलजीनं दचकून वळून बघितलं. यमन जिथं पोचला असता तिथून त्यांनी उचलला. मधलं काही गळलं नव्हतं. त्या खोलीत हे दोघांनाच कळलं, तबलजीला आणि मला. तबलजीनं परत खिडकीकडं तोंड केलं. परीक्षकांनी तळहात दाखवला आणि म्हणाले, पुरे.

मग शास्त्राचे प्रश्न झाले. मास्तरांनी एकही उत्तर चुकवलं नाही. परीक्षकांनी त्यांच्याकडं न बघता ऐकलं. मास्तर नमस्कार करून बाहेर गेले आणि व्हरांड्याच्या पार टोकाला, जिथं चपला काढल्या होत्या, तिथं जाऊन माझ्यासाठी उभे राहिले.

माझा नंबर. मी बसले. परीक्षकांनी माझा अर्ज बघितला आणि म्हणाले, "बाळ, गुरूचं नाव लिहिलेलं नाही. कुणाकडं शिकतेस?" त्यांच्या समोर मास्तरांचा कागद अजून तसाच पडला होता, त्यावर त्यांनी लिहिलेली ओळ मला उलटी दिसत होती. स्मरण नाही, मधेच बंद पडतात. मी चौदा वर्षांची होते, घाबरले होते, असं सगळ्यांना सांगता येईल. मी स्वतःला बरीच वर्षं तसंच सांगितलं. पण मी घाबरले नव्हते. मला लाज वाटली. टोपी मांडीवर ठेवून खाली मान घालून बसलेला तो माणूस माझा कुणीतरी आहे असं म्हणायची मला लाज वाटली. लातुरात वसंतराव म्हणून गायन-पेटीचे गुरुजी होते, ज्यांच्याकडं मला जागा मिळाली नव्हती. मी त्यांचं नाव सांगितलं. परीक्षकांचा चेहरा उजळला. अरे वा, त्यांच्याकडची का, म्हणाले, आणि रकाना स्वतःच्या हातानं भरला. पुढं मी जे वाजवलं ते धोंडीराममास्तरांनी शिकवलेलं होतं.

बसस्टँडवर मास्तरांनी भजी आणली. कागदाचा पुडा नानांपुढं धरला, मग माझ्यापुढं. त्यांना वाटत होतं आपलं बरं गेलं. मधी मयत गेली, म्हणून जरा थांबावं लागलं, पण सम चुकली न्हाई, असं त्यांनी नानांना सांगितलं. नाना हं म्हणाले. मग मास्तरांनी मला विचारलं, "नाव इचारलं का गं, गुरूचं? घेतलंस ना?"

मी म्हटलं, घेतलं.

त्यांचा सोन्याचा दात दिसला. भजी खायची राहून गेली आणि ते स्टँडवर उगीच इकडून तिकडं दोन चकरा मारून आले.

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात निकाल आला. मला पहिली श्रेणी. मास्तर नापास. मी दोन दिवस घराबाहेर पडले नाही. मला वाटलं ते येतील आणि मला तोंड द्यावं लागेल. ते आले नाहीत. ते मुलींच्या शाळेत गेले होते. हे मला नंतर त्या शाळेतल्या माझ्या मैत्रिणीकडून कळलं, ती तेव्हा ऑफिसात फी भरायला उभी होती. मास्तर हेडबाईंना म्हणाले, बाई, मी पडलो, खरं हाय. पण माझी शिष्या पहिल्या श्रेणीत आली. मी शिकवलेली. मग मला शिकवता येतं का न्हाई, तुम्हीच सांगा. मैत्रीण म्हणाली, असे ताठ उभे होते म्हणून सांगू. हेडबाईंकडं केंद्राची यादी आलेली होती. त्यात विद्यार्थ्याच्या नावापुढं गुरूचं नाव असतं. बाईंनी यादी बघितली, परत एकदा बघितली, आणि कागद त्यांच्याकडं फिरवला. मास्तरांनी बोट ठेवून वाचलं. सावकाश, पण मोठ्यानं. वाचायला त्यांना मीच शिकवलं होतं. ऑफिसातला एक कारकून हसला आणि म्हणाला, मास्तर, इथंबी तुमचंच काय? सगळंच तुम्ही काढलंय का?

आठवड्यानं ते आमच्याकडं आले. वरातीच्या कपड्यांत होते, लाल कोट, पितळी बटणं. दुपारी मुरूडला लग्न होतं. व्हरांड्यात चढले नाहीत. मी दारात गेले तर त्यांनी शास्त्राचं पुस्तक पुढं केलं, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. मी घेतलं. ते बोलले, आवाज न चढवता.

"नाव घेतलं न्हाईस, त्याचं मला काई न्हाई माय. लेकराला सुचत न्हाई. पण घेतलं म्हणालीस. म्हणून मी त्या बाईसमोर जाऊन उभा ऱ्हायलो."

आतून आईनं विचारलं, कोण आलंय? मी म्हटलं, कुणी नाही. ते फाटकाशी पोचलेले नव्हते, त्यांना ऐकू गेलं असणार.

पुढं त्यांनी सात-आठ सराया वाजवल्या, मग छातीच्या दुखण्यानं गेले, असं कळलं. आता मी सगळीकडं त्यांचं नाव घेते. कार्यक्रमात घेते, मुलाखतीत घेते, सत्काराच्या भाषणात तर पहिलं वाक्य तेच असतं, माझे गुरू धोंडीराममास्तर, बँडवाले. लोक भारावतात. बायका डोळे पुसतात. केवढं मोठं मन, म्हणतात मला, आजकाल एवढं कोण कबूल करतं. आता ते नाव घेतल्यानं माझं काहीसुद्धा बिघडत नाही.